पावतीच्या मागे

नाव ड्राय क्लीनिंग, पण पाणी निघतंच.
कोटाच्या काखेतला घाम, शालूच्या निऱ्यांत अडकलेली
मंगल कार्यालयाची वाफ, पदराने कुणी पुसलेला डोळा,
सगळं मशीनच्या पोटातून फिरून
मागच्या नळीने थेंब थेंब खाली येतं,
दिवसाकाठी दीडदोन लिटर,
लग्नसराईत तीन.
दिसायला स्वच्छ. वास गोडसर,
सवय झाली की येईनासा होतो.

आप्पा ते बादलीने मागच्या चेंबरमध्ये ओतायचे.
रोज, शटर ओढायच्या आधी,
देवापुढे दिवा लावावा तितक्या नेमाने.
चेंबर पुढे कुठे जातं
हे रास्ता पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक.
नागझरीत.
आणि नागझरीत गेलेल्याचं
पुन्हा कुणी नाव काढत नाही.

आप्पा वाईट नव्हते.
आजोबांचे गुडघे मुठेच्या गार पाण्यात गेले,
दगडावर दुसऱ्यांची धोतरं आपटता आपटता.
म्हणून मशीन आलं त्या दिवशी
आप्पांनी हप्त्याच्या पैशातून पेढे वाटले:
आता परटाच्या पोराचे पाय भिजायचे नाहीत.
भिजलेही नाहीत.
एवढं मात्र खरं.

सर्व्हिसला येणारा नदाफ, परवा,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत त्याने नळीचं पाणी धरलं,
खळखळून हलवलं, काउंटरवर ठेवलं.
ताई, आता हात लावू नका, म्हणाला.
चहा येईपर्यंत तळाशी
एक थर बसला, पातळ, पाण्यासारखाच,
पण त्याच्यातून बघितलं की काउंटरची रेघ वाकडी.
तेल वर येतं, म्हणाला, दिसतं, लोक ओरडतात.
हे पाण्याहून जड.
हे खाली जातं, गटाराची फट सापडली की मातीत,
मातीतून मुरमात,
मग काळ्या दगडाच्या चिरेत जाऊन बसतं.
किती वर्षं?
त्याने चहा फुंकला.
बसतं, एवढंच म्हणाला.

मागच्या सोसायटीत बोअर आहे.
गटवारबाई तिथल्याच, साड्या आमच्याकडेच देतात.
गेल्या आठवड्यात काउंटरला टेकून सांगत होत्या,
पाण्याला कसलासा वास येतो गं,
घाण नाही, उलट गोड.
मी खाली बघून पावती फाडली.
मंगळवारी मिळेल, म्हटलं.

पावतीच्या मागे आप्पांनीच छापून घेतलंय:
डाग जाईलच अशी हमी नाही.
जर, मोती, बटणं यांची जोखीम ग्राहकाची.
तीस दिवसांनंतर
दुकान जबाबदार राहणार नाही.

आता नळीखाली कॅन असतो, झाकणाचा.
पाणी कोळशाच्या दोन नळकांड्यांतून जातं,
तळातला गाळ पिवळ्या चिठ्ठीच्या पिंपात.
पिंप भरलं की रांजणगावचा टेम्पो,
त्याची पावती वेगळी, आकडाही वेगळा.
सूटमागे वीस रुपये वाढवले
तर कॅम्पातले दोन गिऱ्हाईक तुटले.
वहीत रोज लिहिते: तारीख, लिटर, सही.
तेवीस वर्षांच्या बादल्यांसाठी
वहीत रकाना नाही.

आज मंगळवार.
निळी इरकल, चांगली निघालीय,
काठावरचा हळदीचा डागसुद्धा.
एरवी पोऱ्याला पाठवते, आज मीच निघाले.
एका हातात हँगर,
दुसऱ्यात लॅबवाल्याने दिलेली रिकामी बाटली,
घट्ट बुचाची.
साडी देईन, मग म्हणेन, यात बोअरचं पाणी द्या.
कशाला, असं विचारतीलच त्या.
लिफ्ट बंद आहे.
दुसऱ्या मजल्यावर थांबले,
हँगरची तार बोटात रुतलीय,
हात बदलायचा
तर बाटली कुठे ठेवू?